हळदीविना, फोडणीविना : कॉर्कच्या स्वयंपाकघरातला स्टू

शेजाऱ्याकडून आलेले भांडे रिकामे परत करू नये, हा सांगलीतल्या आमच्या घरचा नियम आयर्लंडमध्ये येऊनही सुटलेला नाही, आणि पुढे सांगतो तो सगळा खटाटोप त्या नियमापासूनच सुरू झाला. कॉर्क शहरात राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांनी संध्याकाळी दार वाजवले आणि बिडाचे एक जड, झाकणाचे पातेले माझ्या हातात ठेवले. आत सकाळपासून रटरटलेला आयरिश स्टू होता आणि तो अर्थातच मटणाचा होता. आम्ही दोघे शाकाहारी आहोत, हे दारात उभ्याउभ्या सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी आभार मानून पातेले आत आणले, स्टू बायकोच्या एका सहकाऱ्याच्या घरी पोहोचला आणि घासलेले पातेले ओट्यावर पालथे पडून राहिले. “शिरा करून दे आणि मोकळा हो,” असा बायकोचा सल्ला होता. तो ऐकला असता तर अर्ध्या तासात काम उरकले असते. पण त्यांचाच पदार्थ मांसाशिवाय करून त्याच पातेल्यातून त्यांना द्यावा, अशी खुमखुमी मला आली आणि तिने माझे पाच रविवार खाल्ले.

आधी मूळ पदार्थ नीट समजून घेणे भाग होते आणि त्यासाठी कुंपणाशी उभे राहून त्यांना शेवटी खरे काय ते सांगावेच लागले. त्यांनी राग मानला नाही. मटण न खाणारा माणूस इथल्या हिवाळ्यात काय खाऊन जगतो, एवढे मात्र त्यांनी खऱ्याखुऱ्या काळजीने विचारले. मग त्यांनी स्टूची कृती सांगितली, ती एका श्वासात संपली : मटण, बटाटे, कांदे, पाणी, मीठ, मिरी आणि उतरवताना पार्सली. गाजराचे काय, असे विचारल्यावर ‘काही लोक घालतात’ असे ते म्हणाले, पण सूर असा होता की आमच्याकडे पुरणात गुळाऐवजी साखर घालणाऱ्यांबद्दल बोलताना लागतो तसा. आयरिश स्टूमध्ये गाजर घालावे की घालू नये, हा या देशात खरोखरच वादाचा विषय आहे, हे मला पुढे कळले. जुन्या काळी मेंढ्या पाळल्या जात त्या लोकरीसाठी आणि दुधासाठी, त्यामुळे पातेल्यात जायचे ते म्हातारे, चिवट झालेले जनावर. ते मऊ पडेपर्यंत शिजवायचे म्हणून हा पदार्थ तासन्‌तास मंद आचेवर राहू लागला.

हे ऐकताना माझ्या लक्षात आले की त्या पातेल्यात मटण एकाच वेळी तीन कामे करते. त्याच्या चरबीतून आणि रसातून चव उतरते, हाडा-सांध्यांतले कोलॅजन विरघळून रश्श्याला अंग येते, आणि दाताखाली चावायला काहीतरी राहते. मटण नुसते वगळले तर मागे राहते ते कांदा-बटाटे उकडलेले पाणी. शाकाहारी स्टूच्या ज्या कृती मी वाचल्या, त्यांतल्या बऱ्याच मटणाऐवजी मशरूम घाला म्हणून मोकळ्या होतात. मशरूम बिचारे त्यातले फार तर दीड काम करते. उरलेल्या कामांसाठी वेगळी माणसे शोधणे आणि हे सगळे हळद, तिखट, जिरे, मोहरी यांना हात न लावता करणे, असा तो एकूण प्रकार होता. हळदीच्या पेठेत वाढलेल्या सांगलीकराने हळदीचा डबा बंद ठेवून तासभर शेगडीसमोर उभे राहणे ही तशी सोपी गोष्ट नाही.

पहिल्या रविवारी मी घाईने वागलो. बटाटे, गाजर, कांदा, मशरूम हे सगळे कुकरमध्ये घातले, थाइमच्या दोन काड्या टाकल्या, कृतीत ‘बे लीफ’ लिहिले होते म्हणून मसाल्याच्या डब्यातले तमालपत्र टाकले आणि तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडल्यावर आत बटाट्याची लापशी होती आणि वास येत होता मसालेभाताचा. बायकोने एकदा आत पाहिले आणि लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे वाटते आहे, असे म्हणून ती निघून गेली. दोष तमालपत्राचा होता. मी दुसऱ्या दिवशी दुकानातून इथले बे लीफ आणून दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली. आपल्या तमालपत्राच्या देठापासून टोकापर्यंत तीन ठळक शिरा उभ्या जातात आणि पान चुरडले की दालचिनी-लवंगेच्या जातीचा गोडसर वास येतो, कारण ते झाड दालचिनीच्याच वंशातले आहे. इथल्या पानाला मधोमध एकच शीर असते, पान जाड आणि तकतकीत असते, आणि त्याचा वास किंचित निलगिरीसारखा, थंड असतो. इतकी वर्षे दोन्हींना एकच समजून चाललो होतो. थाइमने मात्र उलटा अनुभव दिला. ती काडी बोटांत चोळल्याबरोबर ओव्याची आठवण झाली आणि ती उगीच नव्हती, कारण दोन्हींच्या वासामागे थायमॉल हे एकच द्रव्य आहे. परका वाटणारा हा पाला निदान लांबचा नातेवाईक निघाला, याचे मला बरे वाटले.

कुकर पुन्हा कपाटात गेला. पुढचा प्रश्न बटाट्याचा होता आणि बटाट्याच्या बाबतीत या देशात अज्ञान दाखवणे धोक्याचे आहे. 1845 ते 1852 या दुष्काळात करपा रोगाने पिके कुजली, सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. कॉर्कचा पश्चिम भाग त्यात फार होरपळला. त्या बटाट्यावर आजही लोक जातीवार बोलतात. आपण बाजारात ‘बटाटे द्या’ म्हणतो, इथे रूस्टर, कर्स पिंक, गोल्डन वंडर अशी नावे घ्यावी लागतात आणि उन्हाळ्यात क्वीन्स आले की ते आल्याची बातमी एकमेकांना दिली जाते. 1788 पासून भरणाऱ्या इथल्या इंग्लिश मार्केटमध्ये, लाकडी छताखालच्या एका गाळ्यावर, मला स्टूसाठी कोणता बटाटा घ्यावा म्हणून विचारल्यावर विक्रेत्या बाईंनी आधी तुम्हाला तो विरघळायला हवा आहे की उभा राहायला, असा उलट प्रश्न केला. मला दोन्ही हवे होते. तेव्हा त्यांनी लालसर सालीचा रूस्टर आणि लहान, लांबट, पिवळ्या गराचा शार्लट असे दोन्ही पिशवीत घातले.

या दोहोंतला फरक शेगडीवर लगेच दिसतो. रूस्टर ही आयर्लंडमधल्याच कार्लोच्या ओक पार्क संशोधन केंद्रात तयार झालेली जात असून तिचा गर पिठूळ असतो. अशा बटाट्यात स्टार्च जास्त आणि पाणी कमी असते, त्यामुळे तो शिजला की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि फोडीची कड विरून रश्श्यात मिसळते. उकडल्यावर साल फुटून आतून कोरडा, भुसभुशीत गर दिसला की त्या बटाट्याला इथे ‘पिठाचा गोळा’ म्हणतात, आणि ही बटाट्याची याहून मोठी स्तुती नाही. शार्लटचा गर घट्ट आणि चिकट. तो तासभर शिजूनही फोडीचे चारही कोपरे शाबूत ठेवतो. म्हणजे रश्श्याला दाटपणा देण्याचे काम रूस्टरला आणि दाताखाली येण्याचे काम शार्लटला, अशी वाटणी सहज झाली. रूस्टरच्या फोडी मात्र चिरून झाल्यावर धुवायच्या नाहीत, कारण दाटपणा देणारा स्टार्च त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. चिरलेला बटाटा पाण्यात टाकण्याची लहानपणापासूनची सवय असल्याने एकदा मी तेही करून बसलो होतो.

त्याच बाजारात टर्निपनेही मला फसवले. मी कृतीत वाचून पांढरा-जांभळा, सलगमसारखा दिसणारा कंद आणला, तो शेजाऱ्यांनी कुंपणावरून पाहिला आणि हा टर्निप नव्हे असे जाहीर केले. आयर्लंडमध्ये टर्निप म्हणजे इंग्लंडमधले लोक ज्याला स्वीड म्हणतात तो नारळाएवढा, वर जांभळट तपकिरी आणि आतून पिवळा कंद. तो चिरणे म्हणजे सुरण चिरण्यासारखेच काम आहे. हॅलोवीनला भोपळे येण्याआधी इथे हेच कंद कोरून त्यांचे कंदील करत असत, हे ऐकल्यावर त्या कोरणाऱ्यांच्या मनगटांबद्दल मला आदर वाटला. शिजल्यावर मात्र त्याला कोबी आणि गाजर यांच्या मधली अशी एक गोडसर, मातकट चव येते जी या रश्श्याला हवीच असते. पार्स्निप हे पांढऱ्या गाजरासारखे दिसणारे मूळही मी घेतो. कडाक्याची थंडी पडल्यावर त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून जानेवारीतला पार्स्निप ऑक्टोबरच्या पार्स्निपपेक्षा स्पष्टपणे गोड लागतो.

दुसऱ्या रविवारी मी स्टाउटच्या नादी लागलो. काळी, कडवट बिअर घातली की मांसाहारी पदार्थासारखी खोल चव येते, असे सगळेच सांगतात. बाटली विकत घेण्याआधी शाकाहारी माणसाला इथे एक प्रश्न पडतो, कारण बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला आयसिंग्लास नावाचा पदार्थ पूर्वी सर्रास वापरत असत. गिनेसने 2015 मध्ये तो बंद करण्याची घोषणा केली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पिंपापासून बाटली-कॅनपर्यंत सगळीकडून तो काढून टाकला, हे मी वाचले होते, म्हणून मी गिनेस आणली. शेजाऱ्यांना ते कळल्यावर मटण न घातल्याचे वाटले नव्हते तेवढे वाईट त्यांना याचे वाटले. कॉर्कच्या स्वतःच्या दोन स्टाउट आहेत, 1792 ची बीमिश आणि 1856 ची मर्फीज. असे असताना डब्लिनची बिअर कॉर्कच्या पातेल्यात ओतणे म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसासमोर पुण्याच्या मिसळीचे कौतुक करून पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

मी पूर्ण कॅन ओतला आणि दीड तास शिजवले. तरी शार्लटच्या फोडी आतून कचकच लागत होत्या आणि रस्सा इतका कडू झाला होता की कारल्याची भाजी त्यापुढे मवाळ म्हणावी. त्या रात्री आईशी व्हिडिओवर बोलताना मी गाऱ्हाणे मांडले. तिने स्टाउट म्हणजे काय हे विचारले, ते आंबट असते का हे विचारले, आणि मग, “अरे, चिंच आधी घातल्यावर बटाटा शिजतो का कधी?” एवढेच म्हणाली. उत्तर माझ्या स्वयंपाकघरातच होते. आंबट पाण्यात भाज्यांच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन सहजासहजी सैल पडत नाही, म्हणून आपण आमटीत चिंच-कोकम डाळ शिजल्यावर घालतो, आणि स्टाउट चवीला कडू लागली तरी चांगलीच आम्लही असते. कडवटपणाचे कारण वेगळे होते : हॉप्स ही बिअरमध्ये घालतात ती कडू फुले आणि काळे भाजलेले जव यांचा कडूपणा उडून जात नाही, पाणी आटते तसा तो घट्ट होत जातो. तेव्हा स्टाउट घालायची ती पाच-सहा माणसांच्या पातेल्याला 200 मिलिलिटर, कांदा परतून झाल्यावर, आणि निम्मी आटवून. बटाटे त्यानंतर बऱ्याच पाण्यात. तिच्यातले सगळे अल्कोहोल उडून जाते हा समज खरा नाही, थोडे राहतेच. ज्यांना ते नको असेल त्यांच्यासाठी मी एकदा मूठभर जव कोरडेच काळपट होईपर्यंत भाजून, उकळून ते पाणी घालून पाहिले. रंग आला, चव साधारण निम्मी आली. तो भाजण्याचा वास मात्र थेट सातूच्या पिठाचा होता. आईने दोनच वाक्ये बोलून झाल्यावर पातेल्यात डोकावून, “फोडणी कुठाय?” हेही विचारले होते, ते मी तेव्हा ऐकले नाही असे दाखवले.

जवाचेच दुसरे रूप या स्टूमध्ये रश्श्याला अंग देते. कोंडा काढून गुळगुळीत केलेले पर्ल बार्ली मटणाच्या स्टूमध्येही बरेच जण घालतात. शिजताना त्यातून बीटा-ग्लुकान नावाचा तंतू सुटतो, त्यामुळे रश्श्याला साबुदाण्याच्या पेजेसारखा एक मुलायम गुळगुळीतपणा येतो, आणि कोलॅजनची जागा भरून काढणारे मला सापडलेले हे सर्वांत जवळचे साधन आहे. तिसऱ्या रविवारी मी ते दीड वाटी घातले. दाणे फुगून तिप्पट झाले, रस्सा नाहीसा झाला आणि ज्यात डाव उभा राहील अशी खिचडी ताटात आली. आता मी 100 ग्रॅमच्या वर जात नाही.

राहिली चव. इथे मला मशरूमबद्दल थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण बहुतेकांचे इथेच चुकते आणि माझेही तीन वेळा चुकले. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. चिरून सगळे एकदम कढईत टाकले, वर मीठ घातले, की ते पाणी सोडतात, त्या पाण्यात उकडतात आणि करड्या रंगाचे रबर तयार होते. चौथ्या रविवारी मी बिडाचे पातेले कोरडेच तापवले, तपकिरी चेस्टनट मशरूमचे मोठे तुकडे एका थरात, एकमेकांना न चिकटता मावतील तेवढेच ठेवले, आणि तेल, मीठ, उलथने या तिन्हींचा मोह आवरला. पहिली तीन-चार मिनिटे नुसता चुरचुर आवाज येतो आणि पाणी सुटते; मग आवाज बदलतो, पाणी आटून तो तडतडीवर येतो, आणि त्या क्षणी थोडे तेल व लोणी सोडायचे. आणखी पाच मिनिटांनी तुकडा उलटून पाहिला तर खालची बाजू भाकरीच्या करपट पदरासारखी तांबूस-काळी झालेली असते. 400 ग्रॅम मशरूम असे तीन घाण्यांत परतायला जवळजवळ अर्धा तास जातो. पातेल्याच्या बुडाला जी तपकिरी खरपुडी धरते, तीच पुढे रश्श्याचा रंग आणि मांसल वाटणारी चव होते, म्हणून ती खरवडून फेकायची नाही. कांद्याच्या पाण्याने आणि स्टाउटने ती आपोआप सुटते. मशरूमची आणखी एक खुबी अशी की त्याच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात आणि ते उकळत्या पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे भाज्या विरल्या तरी मशरूमचा तुकडा तासाभराने चावायला तसाच राहतो.

चौथ्या रविवारचा स्टू खाण्यासारखा होता, पण घास गिळला की चव तिथेच संपत होती. हे मला सांगता येत होते, सोडवता येत नव्हते. शेजाऱ्यांनी वूस्टरशायर सॉसचे दोन थेंब सुचवले. त्यात अँचोव्ही मासा असतो, हे बाटलीवर वाचून मी ती परत फळीवर ठेवली. (शाकाहारी माणूस या देशात वाचनाची आवड फळीसमोर उभा राहूनच जोपासतो.) शेवटी उपाय सापडला तो समुद्रात. आयर्लंडच्या किनाऱ्यावर खडकांवरून गोळा करून वाळवलेले दिलिस्क नावाचे जांभळट-लाल शेवाळ लोक पिढ्यान्‌पिढ्या नुसतेच चघळत आले आहेत. त्याचा पापुद्रा हातात कोरड्या चामड्यासारखा लागतो, तोंडात आधी खारट आणि मग बराच वेळ रेंगाळणारी चव सोडतो. 5 ग्रॅम दिलिस्क कात्रीने बारीक कापून आणि 15 ग्रॅम वाळवलेली पोर्चिनी अळंबी गरम पाण्यात भिजवून, त्या पाण्यासकट घातली. शेवाळातले ग्लुटामेट आणि वाळवलेल्या अळंबीतले ग्वानिलेट ही दोन द्रव्ये एकत्र आली की एकमेकांची चव कितीतरी पटींनी वाढवतात, आणि हे वाक्य वाचून पटत नाही, रश्श्याचा चमचा तोंडात घेतल्यावर पटते. गोव्या-कोकणात पहिल्या पावसानंतरच्या अळंबीसाठी लोक वाट्टेल ती किंमत का मोजतात, याचा उलगडा मला कॉर्कमध्ये झाला.

पाचव्या रविवारी डिसेंबर निम्मा सरला होता आणि सूर्य साडेचारच्या आत मावळत होता, म्हणून मी दुपारी दोनलाच दिवे लावून सुरुवात केली. शेजाऱ्यांचेच पातेले घेतले. मशरूम वर सांगितल्याप्रमाणे परतून बाजूला काढले. त्याच बुडावर 30 ग्रॅम लोणी घालून तीन मोठे कांदे जाडसर उभे चिरून, चिमूटभर मिठासह, मंद आचेवर वीस मिनिटे परतले. आपला हात पाचव्या मिनिटाला पुढचा जिन्नस घालायला शिवशिवतो, पण गोडी येते ती शेवटच्या दहा मिनिटांत. मग कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ शोभेल असा एक लीक, धुऊन, कारण त्याच्या थरांत माती लपलेली असते, सेलेरीचे दोन दांडे आणि एक मोठा चमचा टोमॅटो प्युरी घातली. प्युरीचा रंग विटेसारखा झाल्यावर 200 मिलिलिटर स्टाउट ओतून बुडाची खरपुडी लाकडी पळीने सोडवली आणि स्टाउट निम्मी होऊ दिली. त्यानंतर दीड लिटर गरम पाणी, अळंबीचे गाळलेले पाणी, दिलिस्क, जव, थाइमच्या चार काड्या, इथले एक बे लीफ आणि दोन रूस्टर अगदी पातळ काप करून, म्हणजे ते पूर्ण विरावेत. हे पंचवीस मिनिटे झाकून मंद रटरटले. मग उरलेले बटाटे, एकंदर किलोभर भरतील एवढे, रूस्टर आणि शार्लट मोठ्या फोडी करून, चार गाजरे, दोन पार्स्निप आणि पाव टर्निप. गाजर मी घातलेच. पाच रविवार खपल्यावर तेवढे स्वातंत्र्य घ्यावेसे वाटले.

पुढची पस्तीस मिनिटे करण्यासारखे काहीच नव्हते आणि हेच सर्वांत अवघड गेले. झाकण काढून ढवळत राहिले तर रूस्टरच्या फोडी मोडतात, आच वाढवली तर जव बुडाला धरतात. मी तेवढ्या वेळात सोडा ब्रेडचे पीठ कालवले. यीस्ट नाही, तिंबणे नाही. कणीक, मैदा, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. इथले बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा दाट असते, पण दह्यात थोडे पाणी घुसळून केलेल्या घट्ट ताकाने काम तितकेच चांगले होते, कारण सोड्याला फुलायला आंबटपणा हवा असतो, नावाशी त्याचे देणेघेणे नसते. गोळ्यावर सुरीने खोल फुली मारायची, म्हणजे मधला भाग नीट भाजतो. पऱ्या बाहेर जाव्यात म्हणून ही फुली मारतात, असेही इथले लोक सांगतात.

झाकण उघडले तेव्हा रस्सा पळीच्या पाठीला धरत होता, शार्लटचे कोपरे शाबूत होते आणि रूस्टरच्या फोडींच्या कडा दुधात भिजलेल्या बिस्किटासारख्या विरल्या होत्या. मशरूम परत आत घालून पाच मिनिटे, मग मीठ, भरपूर काळी मिरी आणि मूठभर चिरलेली पार्सली. हळदीचा डबा मी त्या दिवशी मुद्दाम कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता. चव घेतली. कांद्या-पार्स्निपची गोडी आधी लागली, मागून स्टाउटचा हलका कडूपणा, आणि चौथ्या रविवारी जिथे सगळे संपत होते तिथून पुढे ते शेवाळ बराच वेळ जिभेवर राहिले. तिखटपणा कुठेही नव्हता आणि त्याची उणीव, खरे सांगायचे तर, पहिल्या चार घासांपर्यंतच जाणवली.

आमच्यापुरता स्टू काढून घेऊन उरलेला त्याच पातेल्यातून, वर निम्मा सोडा ब्रेड ठेवून, पाचच्या अंधारात शेजारी नेऊन दिला. त्यांनी दारातच झाकण उचलले, वाफ अंगावर घेतली आणि पहिला शब्द काढला तो “गाजर” असा. दोन दिवसांनी कुंपणापाशी भेटले तेव्हा पातेले संपल्याचे त्यांनी सांगितले, त्या काळसर पापुद्र्यांची चौकशी केली, दिलिस्क म्हटल्यावर भुवया उंचावल्या, आणि मी या पदार्थाला बार्लीचा रस्सा असे नाव दिले असते तर त्यांचे काहीच म्हणणे नव्हते, असा निकाल दिला. मला तो मान्य आहे.

आमच्याकडच्या दोन वाट्या फ्रिजमध्ये राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाहिले तर रात्रभरात जवाने सगळे पाणी पिऊन टाकले होते आणि चमच्याने वडी पाडता येईल असा गोळा झाला होता. त्यात कपभर उकळते पाणी घालून मंद आचेवर सैल करावा लागतो, आणि असा दुसऱ्या दिवशीचा स्टू पहिल्या दिवशीपेक्षा चांगला लागतो, याबद्दल इथे कुणाचे दुमत नाही. मी तो सैल करत असताना बायकोने शेजारच्या शेगडीवर छोटे कढले ठेवले, त्यात तूप, जिरे, ठेचलेला लसूण आणि दोन सुक्या मिरच्या तडतडवल्या, आणि मी काही बोलायच्या आत ती फोडणी चर्रकन वर ओतली. चव उत्तम झाली होती. फक्त त्याला आता स्टू म्हणणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही त्याला आमटी म्हटले आणि भात लावला.